मदत हवी आहे: पुण्याच्या आलियाँस फ्राँसेझ या फ्रेंच भाषा-संस्कृती केंद्रातल्या कार्यक्रमांबद्दल

नमस्कार मंडळी, आम्ही सोलापूरचे, जुळे सोलापूर भागात राहतो. मुलगी अकरावीला आहे, दुसरी भाषा म्हणून फ्रेंच घेतलंय. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर तिनं चिठ्ठ्या चिकटवल्यात. मिठाच्या बरणीवर 'सेल', साखरेवर 'सुक्र'. ज्वारीच्या पिठाला शब्द सापडेना, म्हणून तो डबा अजून कोराच आहे! पण पुस्तकाबाहेर ही भाषा तिच्या कानावर पडतच नाही, याची मला फार रुखरुख लागते.

पुण्याच्या केंद्रात वर्गांखेरीज चित्रपट, गाणी, प्रदर्शनं असतात असं ऐकलंय. २१ जूनला तर संगीताचा उत्सवच. फ्रान्समध्ये तो १९८२ला सुरू झाला आणि त्या दिवशी हौशी माणसंही रस्त्यावर उतरून गातात-वाजवतात. तिला तो एकदा दाखवायचाच आहे.

तिथं कुणाचं जाणं-येणं आहे का? वर्गात नाव नसलेल्यांना कार्यक्रमाला सोडतात का? नुकतीच सुरुवात केलेल्या मुलीला चित्रपट झेपतील का, खाली इंग्रजी ओळी असतात का? सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं जाऊन संध्याकाळच्या हुतात्मानं परत यायचं म्हणजे रात्रीचे कार्यक्रम जमत नाहीत. दिवसा, शनिवार-रविवारी काही असतं का? बाहेरगावच्यांना ग्रंथालयाचं सभासदत्व मिळतं का, हेही कळलं तर बरं.

आणि सोलापुरात कुणी फ्रेंच शिकत किंवा शिकवत असेल, तर जरूर सांगा. महिन्यातून एकदा आमच्या घरी जमू, पोरं तासभर बोलतील. चहा आणि शेंगाचटणी-भाकरी माझ्याकडे.