लस टोचताना खांदा दुखावला, तर भरपाई मागावी का?

लालबागकर:
माझ्या आईने खासगी दवाखान्यात पैसे भरून फ्लूची लस घेतली. परिचारिकेने ब्लाउजची बाही पुरती खाली न उतरवता सुई खांद्याच्या हाडालगत टोचली. त्याच रात्री लागलेले दुखणे पाच महिने झाले तरी हटलेले नाही. तिला वेणी घालता येत नाही, लोकलमध्ये कडी धरता येत नाही. लस दंडाच्या स्नायूऐवजी सांध्यालगतच्या पिशवीत गेली तर असा दाह होतो. अमेरिकेत ही इजा २०१७ पासून भरपाईस पात्र लसइजांच्या सरकारी तक्त्यात आहे. तिथे ४८ तासांत दुखणे सुरू झाले आणि दुसरे कारण नसले, तर कोणाची चूक हे सिद्ध करावे लागत नाही. आपण भरपाई मागितलीच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

परळकर:
मी महापालिकेच्या केंद्रात लस टोचते. आईंचा त्रास खोटा आहे असे मी मुळीच म्हणत नाही; पण पन्नाशीनंतर, विशेषतः मधुमेह असल्यास, खांदा लसीविनाही आखडतो. प्रत्येक दुखण्यामागे नोटीस येऊ लागली, तर रांग सांभाळत टोचणाऱ्या मुली धास्तावतील आणि त्याची झळ लसीकरणालाच बसेल.

गिरगावकर:
मी वकील आहे. पैसे देऊन घेतलेल्या सेवेसाठी २०१९ च्या ग्राहक कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. मात्र जिथे सर्वांनाच मोफत सेवा मिळते तिथे, सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालानुसार, हा मार्ग नाही. म्हणजे तीच सुई, तीच इजा, आणि पालिकेच्या केंद्रात गेलेल्या गरिबाला हे दार बंद. मला हे अन्याय्य वाटते.

लालबागकर:
परळकरताई, म्हणूनच मला निधी हवा आहे. मोटार अपघातात चूक सिद्ध न करता गंभीर इजेला अडीच लाख देणारे कलम आपल्याकडे आहेच. अमेरिकेत फ्लूच्या प्रत्येक मात्रेवरील ७५ सेंटच्या करातून लसभरपाईचा निधी उभा राहतो, त्यामुळे परिचारिकेला आरोपी करावे लागत नाही.

परळकर:
अशा निधीला माझी हरकत नाही, परंतु माणसाला बसवून, खांदा पूर्ण उघडा करून, हाडाखाली दोन-तीन बोटे सोडून टोचण्याचे प्रशिक्षण त्याआधी सक्तीचे करा. आईंना मात्र आधी अस्थिरोगतज्ज्ञांकडे न्या आणि दवाखान्याकडे कागदपत्रे लेखी मागा. ती ७२ तासांत देण्याचा नियम आहे.