'मूळ प्रत' म्हणजे अस्सल की नक्कल?

प्रश्न : वकिलांच्या कार्यालयात मराठी कागदपत्रं मी बघते. एका पंचनाम्यात वाक्य आलं, 'सीसीटीव्ही फुटेजची मूळ प्रत पेन ड्राइव्हवर घेतली.' जे मूळ आहे ते प्रत कसं असेल? आणि फुटेजऐवजी 'चित्रफीत' लिहू का?

– चित्रफीत नको. डीव्हीआरमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या यंत्रात, हार्ड डिस्क असते, फीत नसते. 'फुटेज'ही खरं तर फिल्मच्या काळातलं; ३५ मिमी फिल्म फुटांवर मोजत, एका फुटात १६ चौकटी (फ्रेम). पण तो शब्द हवालदारापासून न्यायाधीशांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसलाय, राहू द्या. 'मूळ प्रत' मात्र काढाच. कोर्टकचेरीतला 'अस्सल बरहुकूम नक्कल', म्हणजे अस्सलाशी तंतोतंत जुळणारी नक्कल, हा शेरा तुम्ही रोज पाहत असाल. डीव्हीआरच्या डिस्कवर आहे ते अस्सल, पेन ड्राइव्हवर आली ती नक्कल. हा भेद नुसता भाषेचा नाही. जालन्याच्या निवडणुकीवरून गेलेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल खटल्यात निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं व्हिडिओ चित्रण पुरावा म्हणून आलं होतं. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की मूळ यंत्रच मालकाने साक्षीला येऊन हजर केलं तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र लागत नाही, नकलेला लागतं.

– पण ताई, पेन ड्राइव्हवरची फाइल आमच्याकडे उघडेना, म्हणून एकाने एमपी४ करून दिली. तीही नक्कलच ना?

– नाही हो, ते रूपांतर! मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते हेच. बऱ्याच कंपन्यांच्या डीव्हीआरची फाइल आपापल्या वेगळ्या बांधणीची असते, उदाहरणार्थ डीएव्ही, आणि ती अनेकदा त्या कंपनीच्या प्लेअरवरच नीट चालते. एच.२६४ या चित्रण आटोपशीर करून साठवण्याच्या पद्धतीत काही चौकटीच पूर्ण साठवतात, मधल्या चौकटींत फक्त झालेला बदल. एमपी४ करताना नुसतं वेष्टन, म्हणजे फाइलची बाहेरची बांधणी, बदललं तर चित्र तेच राहतं; पुन्हा एन्कोड केलं, म्हणजे चित्रच नव्याने दाबून साठवलं, तर नंबरप्लेटवरचा ३ की ८ हा बारकावा कायमचा पुसला जाऊ शकतो. वेळ चित्रावर न छापता फाइलमध्ये वेगळी साठवली असेल, तर तीही गळू शकते. बघायला एमपी४ खुशाल वापरा, तपासणीला जशीच्या तशी फाइल पाठवा.

आणि फाइल जशीच्या तशी आहे हे कळतं 'हॅश'वरून, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून गणिताने काढलेल्या खुणेवरून. त्याला मी 'ठसा' म्हणेन. शा-२५६ या पद्धतीने ६४ अक्षर-अंकांचा ठसा येतो. नक्कल बरहुकूम असेल तर ठसा जुळतो. एमपी४चा जुळणार नाही, अगदी नुसतं वेष्टन बदललं तरी. १ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३खालच्या प्रमाणपत्रात (पूर्वीच्या पुरावा कायद्यातलं ६५ब) हॅश लिहावाच लागतो.

– ताई, ठसा ऐकायला छान, पण पंचनाम्यात बोटांचे ठसेही असतात, घोळ होईल. तिथे 'हॅश मूल्य'च बरं.

– मान्य. मग वाक्य असं करा : 'डीव्हीआरमधील अस्सल फाइलची, स्वरूप न बदलता, नक्कल पेन ड्राइव्हवर घेतली, हॅश मूल्य सोबत नोंदले, डीव्हीआरचे घड्याळ प्रत्यक्ष वेळेपेक्षा … मिनिटे पुढे/मागे होते.' घड्याळाची जागा रिकामी सोडू नका.