दोन्ही बाजूंचं ऑपरेशन झालंय, रेडिएशनमध्ये आईचं हृदय कसं जपतील?

अमळनेरची लेक:
नमस्कार, आईचे दोन्ही स्तन काढले, केमोही संपली. डावीकडे काखेतल्या ४ गाठींमध्ये कॅन्सर निघाला, उजवीकडची गाठ अगदी लहान होती आणि काख साफ आहे. आता नाशिकला रेडिएशन, ते कुठे-कसं द्यायचं हे आखायचा (प्लॅनिंगचा) सीटी स्कॅन पुढच्या आठवड्यात. तिला बीपी आहे, जन्मभर चुलीच्या धुरात राहिलेली बाई, म्हणून हृदय-फुप्फुसाची फार धास्ती वाटते. ती म्हणते "आते बस झायं". डॉक्टरांना काय काय विचारू?

मशीनवरचा माणूस:
ताई, मी याच कामात आहे. आधी हे विचारा की रेडिएशन दोन्हीकडे द्यायचंय की फक्त डावीकडे, कारण ऑपरेशन दोन्हीकडचं झालं म्हणून लाईटही (म्हणजे रेडिएशन) दोन्हीकडे लागते असं नसतं, ते प्रत्येक बाजूच्या रिपोर्टवर ठरतं. दोन्हीकडे दिलं तर दोन्ही फुप्फुसांत डोस जातो आणि मधे छातीच्या हाडावर दोन फील्ड (दोन्हीकडच्या किरणांचे पट्टे) एकावर एक येऊ नयेत म्हणून प्लॅनिंगला वेळ लागतो, लागू द्या. डावीकडे श्वास रोखून देतात का तेही विचारा. छाती भरून श्वास घेतला की फुप्फुस फुगतं आणि हृदय छातीच्या भिंतीपासून लांब सरकतं, साधारण २० सेकंद धरावा लागतो. नवीन फिरत्या मशीनने हृदयावरचा मोठा डोस टाळता येतो पण थोडा थोडा डोस फुप्फुसाच्या जास्त भागावर पसरतो, म्हणून महागडं म्हणजे चांगलंच असं धरू नका. हृदयाचा सरासरी डोस किती ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनचं माप) आणि २० ग्रेच्या वर किती टक्के फुप्फुस येतं हे दोन आकडे विचारा, प्लॅनमध्ये असतातच. २०१३ च्या एका मोठ्या अभ्यासात सरासरी डोस १ ग्रे वाढला की हृदयविकाराचा धोका मूळ धोक्याच्या ७.४ टक्क्यांनी वाढलेला दिसला, म्हणून जेवढा कमी तेवढा बरा. बीपीच्या गोळ्या चालू ठेवा, सगळं आधीच सांगून टाका.

पारोळ्याची सून:
सासूबाईंचं मागच्या वर्षी झालं. हात डोक्यावर नेता येईना म्हणून सीटीच पुढे ढकलला, तेव्हा खांद्याचे व्यायाम आजपासून करून घ्या. श्वासाची प्रॅक्टिस आम्ही घरी खाटेवर झोपवून, मोबाईलवर सेकंद मोजून केली, पहिल्या दिवशी ८ वर सोडला, आठवड्यात २२ वर गेल्या. आणि रेडिएशनसाठी कातडीवर काढलेल्या खुणा पुसू नका, उन्हाळ्यात घाम फार येतो म्हणून सुती सैल ब्लाऊज.

अमळनेरची लेक:
दोघांचेही खूप आभार. उजवीकडचं विचारायचं डोक्यातच नव्हतं. आत्ताच आईला झोपवून मोजलं, ११ आले, म्हणाली परत मोज.