मदत हवी आहे: बंगल्यांची स्कीम येणाऱ्या उतारावर ब्रॉड-टेल्ड ग्रासबर्डची मोजणी कशी करावी?

नमस्कार मंडळी,

पानशेतच्या बाजूला आमच्या गावामागे एक गवताळ डोंगरउतार आहे. सातबाऱ्यावर तो पोटखराबा, म्हणजे लागवडीस अयोग्य जमीन. नेमकी जागा मुद्दाम लिहीत नाही. विणीचे दिवस आहेत, कॅमेरे घेऊन गर्दी व्हायला नको. तिथे बंगल्यांची मोठी स्कीम येते आहे. विकासकाच्या पर्यावरण अहवालात साळुंकी, बुलबुल, कोतवाल, वेडा राघू अशी वीस-बावीस नावं आहेत आणि खाली 'दुर्मीळ प्रजाती आढळली नाही' एवढं एकच वाक्य. पाहणी झाली मेमधल्या दोन दिवसांत. मेमध्ये तिथे वणव्याने काळे पडलेले गवताचे बुंधे असतात, दुसरं काही नाही.

मागच्या रविवारी सकाळी साडेसहाला वर गेले होते. भुरभुर पाऊस, कंबरभर गवत. समोरून एक तपकिरी पक्षी गात गात वर उठला, हवेत थोडा फिरला आणि शेपटी पंख्यासारखी पसरून परत गवतात उतरला. वटवट्यापेक्षा मोठा, चोच जाड, शेपटी रुंद आणि काळपट, तिच्यावर पुसट आडवे पट्टे. पाऊण तासात असं चार वेळा झालं. सिंहगडाच्या उतारावर हा पक्षी पूर्वी पाहिलेला असल्याने ओळखीबद्दल मला शंका नाही.

हा पश्चिम घाटाचा पक्षी, आययूसीएन या जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेच्या यादीत 'असुरक्षित'. पावसाळ्यात गातो म्हणून कळतो, एरवी गवतात असा दडून राहतो की पायाखालून गेला तरी पत्ता लागत नाही.

मला नीट, कुणी खोडून काढू शकणार नाही अशी नोंद करायची आहे. किती फेऱ्या माराव्या? चार वेळा उठलेला नर एकच की चार, हे कसं ठरवायचं? आवाज वाजवून बोलावलं तर चालेल का? आणि हे सगळं द्यायचं कुणाकडे?

प्रतिसाद – माळरान

ताई, आवाज अजिबात वाजवू नका. नर भांडायला धावून येतो, त्याची ताकद फुकट जाते आणि मोजणीही बिघडते. आपणहून गाईल तोच धरा.

एकमेकांपासून निदान २५० मीटरवर ठिकाणं ठरवा, प्रत्येक ठिकाणी १० मिनिटं थांबा आणि सूर्योदयानंतरच्या तीन तासांत उरका. एका फेरीला खालून वर, पुढच्या फेरीला वरून खाली. नाहीतर शेवटच्या ठिकाणी तुम्ही कायम उशिरा पोचाल. दोन नर एकाच वेळी गाताना ऐकू आले तर ते नक्की वेगळे. नकाशावर त्या दोन जागा जोडून ठेवा, चार-पाच फेऱ्यांनंतर कुणाची हद्द कुठली ते आपोआप दिसायला लागतं. जोराचा वारा-पाऊस असेल त्या दिवशी जाऊ नका. पक्षी दिसला नाही ती फेरीही तारीख-वेळेसकट लिहा.

घरटं शोधू नका, तुमच्या पायवाटेनेच मुंगूस पोचतं. चोचीत किडा घेऊन गवतात शिरणारा पक्षी दुरून टिपला तरी विणीचा पुरावा होतो.

पर्यावरण परवानगीच्या २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे बांधकाम प्रकल्पांना जनसुनावणी नसते, त्यामुळे तिची वाट बघू नका. 'परिवेश' या केंद्राच्या पर्यावरण परवानगीच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची कागदपत्रं काढा आणि राज्याच्या तज्ज्ञ मूल्यांकन समितीला लेखी निवेदन द्या. त्यात अहवाल खोटा आहे असं म्हणू नका. मेमध्ये त्यांना पक्षी खरंच दिसला नसेल. पाहणी चुकीच्या ऋतूत झाली, एवढंच तारखांसह मांडा. त्याला उत्तर देणं त्यांना जड जाईल. आणि उतारही मोजून घ्या. १:५ (पाच मीटर पुढे गेल्यावर एक मीटर चढ) पेक्षा तीव्र उतारावर बांधकामाला बंधनं आहेत.

धागाकर्ती

खूप आभार, दादा. पाच ठिकाणांवर उद्याच दगडांच्या खुणा करते. एक विचारायचं राहिलं. आमच्याकडे दसऱ्यानंतर गवताला विळे लागतात. गुरं राखणारे मामा म्हणतात, वरचा पट्टा यंदा शेवटी कापू, पण नोव्हेंबरपर्यंत ठेवला तर गवत वाळून जनावरं तोंड लावत नाहीत. विणीसाठी तो पट्टा किती दिवस उभा राहायला हवा? मामांना नेमकी तारीख सांगता आली तर ते ऐकतील.