बारावीनंतर ५ वर्षांचं लॉ की आधी बीए आणि मग एलएलबी? लेकीला जज व्हायचंय

वाशिमकर
नमस्कार मंडळी. पोरगी बारावी आर्ट्सला आहे, दहावीला ८७ टक्के होते. आठवीत असताना आमच्या बांधाच्या केसच्या तारखेला माझ्यासोबत कोर्टात यायची, मागच्या बाकावर बसून सगळं ऐकायची, तेव्हापासून एकच धरून बसलीय की न्यायाधीश व्हायचं. घरात वकील कोणी नाही त्यामुळे विचारायचं कोणाला हा प्रश्न. मला वाटतं ५ वर्षांच्या बीए एलएलबीला टाकावं, आधी बीए मग लॉ म्हणजे ३ आणि ३ सहा वर्षं जातात. पण मोठे भाऊ म्हणतात आधी साधं बीए होऊ दे, हातात एक डिग्री राहील, पोरीचं मन बदललं तर अडकून पडेल. शिक्षण सगळं मराठी मीडियम. कुणबी ओबीसी आहोत, थोडी शेती आणि पिठाची गिरणी. क्लॅट वेगळी आणि सीईटी वेगळी का? पेपर मराठीत असतो का? जाणकारांनी सांगा प्लीज.

लॉ_फिफ्थ_इयर_पुणे
काका नमस्कार, मी सध्या पाचव्या वर्षाला आहे. क्लॅट म्हणजे नॅशनल लॉ युनिव्हर्सिटींसाठी, आपल्याकडे मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशा तीन आहेत, ती परीक्षा डिसेंबरातच होते आणि पेपर फक्त इंग्रजीत, त्यामुळे यंदाची गेली. राज्याची सीईटी अजून हातात आहे, सीईटी सेलच्या साइटवर फॉर्म भरायचा, आणि फॉर्म भरताना ५ वर्षांचा कोर्स सिलेक्ट केलाय ना ते दोनदा बघा कारण ३ वर्षांच्या एलएलबीची सीईटी वेगळी असते. नवीन पॅटर्नमधे १२० प्रश्न, १२० मार्क, २ तास, निगेटिव्ह मार्किंग नाही म्हणून एकही प्रश्न सोडायचा नाही. लीगल ॲप्टिट्यूड ३२ आणि लॉजिकल ३२, म्हणजे निम्म्याहून जास्त पेपर इथेच आहे, गणित फक्त ८ मार्कांचं. इंग्रजीचा भाग सोडून बाकी पेपर मराठीतही असतो. बारावीला ओपनला ४५ टक्के लागतात, ओबीसीला ४२, तिला अडचण नाही.

आता मोठ्या काकांच्या शंकेबद्दल. त्यांचं म्हणणं अजिबात चुकीचं नाही. बार कौन्सिलच्या (वकिली आणि लॉच्या शिक्षणावर देखरेख ठेवणारी संस्था) २००८ च्या नियमांत स्पष्ट लिहिलंय की इंटिग्रेटेड म्हणजे हा ५ वर्षांचा कोर्स मधेच तोडून नुसती बीएची डिग्री देता येत नाही, आणि ग्रॅज्युएट झालोय म्हणून थेट तिसऱ्या वर्षाला ॲडमिशनही घेता येत नाही. माझी रूममेट दोन वर्षांनी सोडून गेली, तिला बीए पहिल्या वर्षापासून परत करावं लागलं, ती दोन वर्षं कुठेच धरली गेली नाहीत. पण तुमची मुलगी आठवीपासून एकाच गोष्टीवर ठाम आहे, मी असते तर ५ वर्षंच घेतली असती. मी पण मराठी मीडियमचीच. पहिलं सेमिस्टर रडत काढलं, लेक्चर चालू असताना ‘कन्सिडरेशन’ म्हणजे काय हे वहीच्या कडेला मराठीत लिहून ठेवायचे, दुसऱ्या वर्षापर्यंत त्या कडेच्या नोंदी आपोआप बंद झाल्या.

तालुका_कोर्ट
दादा, मी १८ वर्षं तालुक्याच्या कोर्टात प्रॅक्टिस करतोय. जज व्हायचंय म्हणता म्हणून एक गोष्ट नीट समजून घ्या. मे २०२५ मधे सुप्रीम कोर्टाने निकाल दिलाय की दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तरच्या परीक्षेला बसायला किमान ३ वर्षं वकिलीचा अनुभव पाहिजे. म्हणजे पास होऊन लगेच परीक्षा, तो रस्ता बंद. ती ३ वर्षं तात्पुरत्या सनदेपासून (वकिलीच्या परवान्यापासून) मोजतात, त्यानंतरची बारची परीक्षा पास झाल्यापासून नाही, त्यामुळे रिझल्ट लागला की सनदेला उशीर करायचा नाही. आता हिशोब करा, १८ व्या वर्षी बारावी, ५ वर्षं लॉ, ३ वर्षं प्रॅक्टिस, २६ ला ती परीक्षेला बसेल. बीए करून आली तर २७. शेतकऱ्याच्या घरात एक वर्ष म्हणजे एक वर्षाचा होस्टेलचा खर्च आणि एक वर्षाची कमाई, मी तरी ते वाचवायला सांगेन.

मराठी मीडियमची काळजी करू नका, खालच्या कोर्टात दावा, कैफियत, रोजनामा सगळं मराठीत चालतं, आणि स्वच्छ मराठीत दावा लिहिणारे ज्युनियर आम्हाला शोधून सापडत नाहीत. इंग्रजी निकाल वाचता आला पाहिजे मात्र, ते हळूहळू होतं. पुस्तकं जुनी विकत घेऊ नका, १ जुलै २०२४ पासून आयपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता आलीय, सीआरपीसी आणि एव्हिडन्स ॲक्ट पण बदललेत, रद्दीच्या भावात मिळतात म्हणून मुलं घेतात आणि कलमं चुकीची पाठ करतात. कॉलेजला बार कौन्सिलची मान्यता चालू आहे का तेही बघा. तुम्हाला जवळ अमरावतीला पंजाबराव देशमुख लॉ कॉलेज आहे, नागपूरला विद्यापीठाचं आंबेडकर लॉ कॉलेज आहे. आणि ७० टक्के हजेरी लागते, कॉलेजला न जाता लॉ होतं असं कोणी सांगितलं तर त्याचं ऐकू नका.

आई_अमरावतीची
भाऊ, अभ्यासाचं वरच्यांनी सांगितलंच, मी फक्त कागदांचं सांगते कारण आमचं तिथेच अडलं होतं. जातीचा दाखला वेगळा आणि जात पडताळणी म्हणजे व्हॅलिडिटी वेगळी. आम्हाला वाटलं दाखला आहे म्हणजे झालं. व्हॅलिडिटीचा अर्ज उशिरा टाकला, त्रुटी निघाली, कॅप राउंड (सरकारी ॲडमिशनची फेरी) सुरू झाला आणि सर्टिफिकेट हातात नाही. मुलाला ओपनमधून घ्यावं लागलं, आवडीचं कॉलेज ४ मार्कांनी गेलं, अजूनही आठवलं की झोप लागत नाही. तुमच्या मुलीचा अर्ज आजच टाका. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा मागतात, म्हणजे तुमच्या वडिलांचा किंवा आजोबांचा शाळेचा प्रवेश निर्गम उतारा, ज्यात जात लिहिलेली आहे, तो नसेल तर कोतवाल बुकाची नक्कल. वंशावळीवर आजोबांचं नाव जसं आहे तसंच उताऱ्यावर पाहिजे, आमच्याकडे एकात ‘किसन’ आणि एकात ‘कृष्णा’ होतं, तेवढ्यावरून दोन महिने गेले. नॉन क्रीमीलेयर ३१ मार्चनंतर संपतं तेव्हा तारीख बघून नवीन काढा. डोमिसाइल पण.

आणि हो, ८ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर ओबीसी मुलींना २०२४ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे, पण ॲडमिशन कॅपमधून पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातून घेतली तर मिळत नाही. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज करावा लागतो. होस्टेलचा खर्च तुमचाच राहील.

वाशिमकर
ताई, दादा, पुण्याच्या ताईला पण खूप खूप धन्यवाद. मोठ्या भावाला सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. ते २६ आणि २७ वाल्या हिशोबावर थांबले, परत एकदा वाच म्हणाले, मग म्हणाले ५ वर्षंच घ्या. पोरीला विचारलं मधेच सोडायचं नाही हे कबूल आहे का तर म्हणाली बाबा मी सोडणार असते तर आठवीतच सोडलं असतं. दाखला आहे, व्हॅलिडिटीचं मला खरंच माहीत नव्हतं. वडील १९५० च्या आसपास गावच्या शाळेत होते, सोमवारी सकाळी जाऊन जुनं रजिस्टर बघायला मागतो. त्यांचं नाव कुठे विठोबा कुठे विठ्ठल लागलेलं आहे, सातबारावर विठ्ठल आहे. ताई, असं असेल तर तुम्ही तेव्हा काय दिलं होतं, ॲफिडेव्हिट चालतं का?

आई_अमरावतीची
आम्ही ॲफिडेव्हिट दिलं होतं, दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत असं, सोबत गावच्या पोलीस पाटलांचा दाखला आणि सातबारा जोडला. आमचं त्यावर झालं. पण आधी रजिस्टरमधे काय आहे ते बघा भाऊ, कदाचित विठ्ठलच असेल. उताऱ्याच्या दोन प्रती मागा, शिक्का आणि मुख्याध्यापकांची सही दोन्हीवर.