स्पीडपेक्षा कर्ज बघा

घरोघरी फास्ट इंटरनेट येणारच, म्हणून इंटरनेटच्या केबल टाकणाऱ्या आणि त्याची उपकरणं बनवणाऱ्या कंपन्यांचे शेअर डोळे झाकून घ्या असं तुम्ही म्हणताय, पण मला नाही पटत. मागणी वाढेल हो, पैसा कोणाच्या खिशात जाणार ते बघा ना. समुद्राखालून केबल टाकणारी ग्लोबल क्रॉसिंग २००२ च्या जानेवारीत दिवाळखोरीत गेली, केबल वापरात राहिल्या आणि शेअरवाल्यांच्या हाती भोपळा. आता जीपॉन या घरोघरच्या फायबर इंटरनेटच्या जुन्या तंत्राच्या सेकंदाला २.५ गिगाबिट स्पीडवरून एक्सजीएस-पॉन या नव्या तंत्राच्या १० गिगाबिटवर जायला फायबर (काचेच्या तंतूची केबल) तीच चालते, फक्त दोन्ही टोकांची उपकरणं बदलायची, म्हणजे खोदकाम एकदाच पण उपकरणवाल्यांना परत परत ऑर्डर. अर्थात इंटरनेट पुरवणाऱ्या ऑपरेटरनी खर्चात हात आखडला की उपकरणवाल्यांच्याही ऑर्डरी आटतात, त्यामुळे आधी कंपनीवर कर्ज किती आणि सगळा धंदा दोन-तीनच गिऱ्हाइकांवर तर नाही ना ते तपासा.