पॅकेज मॅनेजर शिकायचा तर आज्ञा पाठ करायच्या, की प्रॉम्प्टवर त्यालाच विचारायचं?

सुतारपक्षी (धागाकर्ता)

गेल्या शनिवारी आम्ही सातआठ लिनक्सवाले जमलो होतो. विषय होता ग्नू गीक्स, म्हणजे लिनक्सवर सॉफ्टवेअर बसवणारा आणि सांभाळणारा पॅकेज मॅनेजर. नव्या माणसाला आधी काय दाखवावं यावरून जुंपली आणि चर्चा अर्धवट राहिली, म्हणून इथे मांडतो. माझं मत असं: इन्स्टॉल, अपग्रेड, रोलबॅक एवढ्या आज्ञा एका कागदावर लिहून द्या आणि पहिल्याच दिवशी त्याला 'गीक्स रेपल'समोर, म्हणजे एकेक ओळ टाइप करून लगेच उत्तर मिळणाऱ्या प्रॉम्प्टसमोर, बसवा.

गीक्समध्ये पॅकेज म्हणजे स्कीम भाषेतली एक नोंद असते. नाव, आवृत्ती, स्रोत, परवाना, इनपुट्स (ते बांधायला लागणारी इतर पॅकेजेस) असे तिचे रकाने. 'ग्नू पॅकेजेस बेस' हे मोड्यूल आत घेतलं की 'हॅलो' हे पॅकेज प्रॉम्प्टवर उभं राहतं. (पॅकेज-व्हर्जन हॅलो) विचारलं की आवृत्ती मिळते. (पॅकेज-लोकेशन हॅलो) विचारलं की ही व्याख्या कुठल्या फाइलच्या कितव्या ओळीवर आहे ते कळतं. मी ती फाइल उघडली तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की आठ महिने जे मी डोळे मिटून इन्स्टॉल करत होतो, ते वीसेक ओळींत लिहिलेलं आहे आणि मला वाचता येतं.

पुढे फोल्ड-पॅकेजेस सापडलं. २०,००० हून जास्त पॅकेजेसवरून एक फंक्शन फिरवायचं आणि हवी ती चाळणी लावायची. 'इनहेरिट' वापरून हॅलोचा स्वतःचा अवतार करायचा, मूळ हॅलो तसाच राहतो. हे करून बघितलेल्या माणसाला पॅकेज मॅनेजरची भीती उरत नाही. आज्ञा पाठ करणाऱ्याची भीती जात नाही, हे मी स्वतःवरून सांगतो.

खडूफळा

असहमत. मी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना प्रॅक्टिकलला हाच प्रयोग करून दाखवला होता, त्यामुळे हवेत बोलत नाही.

पहिल्या दहा मिनिटांत एका मुलीने हॅलोचं स्पेलिंग चुकवलं. गाइलने (प्रॉम्प्टमागे स्कीम चालवणाऱ्या प्रोग्रॅमने) 'अनबाउंड व्हेरिएबल', म्हणजे हे नाव माहीत नाही, असा एरर दिला आणि प्रॉम्प्टला चौकटी कंसात १ लागला. तिने पुन्हा प्रयत्न केला, २ झाला. मग ३. आपण डीबगरच्या आत आणखी खोल चाललोय आणि स्वल्पविराम-क्यू टाइप करून एकेक पायरी वर यायचं, हे तिला कोण सांगणार? वरचा बाण दाबला तर मागची ओळ येण्याऐवजी विचित्र चिन्हं उमटली, कारण त्या मशीनवर '.गाइल' फाइलमध्ये रीडलाइन (बाणांनी मागच्या ओळी आणणारी सोय) सुरू केलेलं नव्हतं. पॅकेज राहिलं बाजूला, तास कंस मोजण्यात गेला.

आणि दादा, खरी अडचण याहून मोठी आहे. मुलांनी (पॅकेज-इनपुट्स हॅलो) विचारलं. उत्तर आलं रिकामी यादी. सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं, "हॅलोला काहीच लागत नाही." सी भाषेतला प्रोग्रॅम, आणि त्याला कंपायलरसुद्धा लागत नाही! प्रॉम्प्टने खोटं सांगितलं नाही, पण मुलं चुकीचं शिकून घरी गेली.

सुतारपक्षी

खडूफळा सर, बाण आणि डीबगरचं मान्य. '.गाइल'मध्ये रीडलाइनच्या दोन ओळी आधीच टाकून ठेवायला हव्यात, ती शिकवणाऱ्याची जबाबदारी.

रिकाम्या यादीबद्दल मात्र मी उलट म्हणेन. तिथे थांबायचंच नाही. जीसीसी, मेक, बॅश, सेड, ग्रेप ही कंपायलर आणि बाकी अवजारांची मंडळी हॅलोच्या व्याख्येत लिहिलेली नसतात, ग्नू बिल्ड सिस्टीम ती मागून पुरवते. त्याच प्रॉम्प्टवर (पॅकेज->बॅग हॅलो) करा, त्यातून मिळणाऱ्या बॅगवर, म्हणजे मागून पुरवलेलंही धरणाऱ्या नोंदीवर, बॅग-डायरेक्ट-इनपुट्स लावा, सगळी पलटण समोर येते. "यादी रिकामी, मग हे कंपाइल कसं झालं?" हा प्रश्न त्या मुलांना तुम्ही विचारला असतात, तर तोच त्या दिवसाचा धडा झाला असता.

नदीकाठ

मी निक्सवाली, म्हणजे गीक्सच्या आधीचा तसाच पॅकेज मॅनेजर वापरणारी. एल्को डोल्स्ट्राचा या पद्धतीवरचा प्रबंध २००६ चा, उत्रेख्त विद्यापीठातला. गीक्स त्यानंतर २०१२ मध्ये लुदोविक कोर्तेसने सुरू केलं आणि त्याचा डीमनही (मागे चालून पॅकेजेस बांधणारा प्रोग्रॅम) मूळ निक्सवरूनच घेतलेला. त्यामुळे या भांडणात आमचाही वाटा आहे.

मी सुतारपक्षींच्या बाजूने. निक्स रेपलमध्ये निक्सपॅकेजेस (निक्सचा पॅकेज-संग्रह) लोड करून हॅलो.आउटपाथ विचारलं की स्टोअरमधला, म्हणजे बांधलेली पॅकेजेस ठेवायच्या फोल्डरमधला, पत्ता मिळतो. गंमत ही की हॅलो तोवर बांधलेलंही नसतं! पत्त्यातला तो लांबलचक हॅश (ओळखखूण) इनपुट्सवरून काढतात, तयार झालेल्या फाइलवरून नाही, हे पुस्तकात दोनदा वाचून माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. प्रॉम्प्टवर पत्ता आधी आला, बिल्ड नंतर झालं, तेव्हा शिरलं.

पहारेकरी

शिकण्याचं जाऊ द्या, मी सर्व्हर सांभाळणाऱ्याच्या बाजूने बोलतो. प्रॉम्प्टवर केलेल्या कामाचा माग राहत नाही. फाइल बदलली आणि मोड्यूल रीलोड करायला विसरलात, तर जुनीच व्याख्या उत्तर देत राहते. मी स्वतः एकदा अख्खी दुपार अशा शिळ्या व्याख्येशी झगडलोय. गीक्सची खरी ताकद मॅनिफेस्ट फाइल (हव्या पॅकेजेसची यादी), चॅनेल्सचा, म्हणजे व्याख्या जिथून येतात त्या स्रोतांचा, नेमका कमिट (ठरावीक आवृत्ती) आणि टाइम मशीन (त्या आवृत्तीचं गीक्स पुन्हा चालवणं) यांत आहे. हे तिन्ही लिहून ठेवलेलं असतं, दुसऱ्याच्या मशीनवर तसंच उभं राहतं. नव्या माणसाला पहिली सवय लिहून ठेवण्याची लागली पाहिजे. प्रॉम्प्टची सवय आधी लागली की ती सुटत नाही.

सुतारपक्षी

हा मुद्दा वजनदार आहे, आणि शनिवारी माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. आता एवढं सुचतंय: मॅनिफेस्ट फाइलसुद्धा स्कीमच आहे. प्रॉम्प्टवर जमलेली ओळ उचलून फाइलमध्ये टाकायची आणि तीच फाइल 'गीक्स रेपल'ला स्क्रिप्ट म्हणून द्यायची. नवी प्रोसेस, म्हणजे शिळ्या व्याख्येचा प्रश्न मिटला. पण "प्रॉम्प्ट बंद करण्याआधी फाइलमध्ये उतरव" हे पहिल्याच दिवशी शिकवायला हवं. माझ्या कागदावर ती ओळ नव्हती, आता घालतो.

खडूफळा

आज्ञा आधी, हे माझं मत कायम. पण तुमचं वाचून आत्ता घरच्या लॅपटॉपवर ते बॅगवालं करून पाहिलं. टार, जीझिप, पॅच, जीलिबसी, सगळं आलं. पुढच्या प्रॅक्टिकलला पहिला तास आज्ञांचा, आणि शेवटची वीस मिनिटं त्या रिकाम्या यादीला देतो. वहीतलं ते वाक्य मुलांना खोडायला लावायचंय. तुमचा तो कागद, नव्या ओळीसकट, इथेच टाकाल का?